कारखानदाराची घडण

मराठी माणसाला चरित्रे वाचण्याची हौस मोठी. संतांची, वीरांची, समाजसुधारकांची, देशभक्तांची, फार काय पण नटांची आणि गवयांचीही चरित्रे त्याने आवडीने वाचली आहेत. कारखानदाराच्या चरित्राकडे मात्र तो काहीशा संशयानेच पाहत आला. ज्याच्यापाशी पैसा होता त्याने कारखाना काढला आणि कारखाना निघाला म्हणून त्याच्यापाशी आणखी पैसा झाला, यापलीकडे त्या आयुष्यात सांगण्याजोगे काय असणार, अशी आपली समजूत. ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण तोंडाने म्हणत राहायचे आणि मुलाला मात्र नोकरीसाठीच शिकवायचे, असा आपल्या मध्यम वर्गाचा शिरस्ता कित्येक पिढ्या चालला. त्यामुळे उद्योग उभारणाऱ्या माणसाच्या अंतरंगात काय घडामोडी होतात, त्याला स्वतःला कोठे वाकावे लागते, कोठे शिकावे लागते आणि कोठे आपला हात मागे घ्यावा लागतो, याचा विचार आपल्याकडे फारसा झाला नाही.

आज हा विचार मी लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या आयुष्याच्या आधाराने मांडणार आहे. हे नाव महाराष्ट्रापुरते मर्यादित नाही. माळव्यात, कर्नाटकात, तेलंगणात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही ते विहिरीवरच्या पंपामुळे आणि शेतातल्या इंजिनामुळे परिचयाचे झालेले आहे. परंतु पंप आणि इंजिने ही उत्तरकालीन फळे होत. मला सांगायचे आहे ते मुळांविषयी. उद्योगाचा इतिहास आपण बहुधा यंत्रांच्या, भांडवलाच्या आणि नफ्याच्या क्रमाने लिहितो. लक्ष्मणरावांच्या बाबतीत तो क्रम अपुरा पडतो. त्यांच्या उद्योगाने जे जे वळण घेतले, ते घेण्यापूर्वी तसेच एक वळण त्या माणसाच्या मनाने घेतलेले आढळते. आधी माणूस वाढला आणि मग कारखाना वाढला, हा या इतिहासाचा गाभा आहे.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. मराठी संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. ज्या गावाने महाराष्ट्राला ‘सौभद्र’ दिले, त्याच गावाने पुढे लोखंडी नांगर दिला, हा योगायोग मोठा मनोरम आहे. घराण्याचे वळण विद्येचे आणि धार्मिक आचाराचे होते. अशा घरातल्या मुलाने शाळेत मन लावावे, परीक्षा द्याव्यात आणि कारकुनी किंवा वकिली पत्करावी, ही अपेक्षा स्वाभाविक होती. लक्ष्मणरावांचे मन पुस्तकी अभ्यासात रमले नाही. त्यांना ओढ होती ती चित्रांची आणि यंत्रांची. १८८५ साली ते मुंबईस सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

येथे त्यांच्या आयुष्यातला पहिला अडथळा उभा राहिला. रेषा त्यांच्या हुकमतीत होती. परंतु काही रंगांमधला भेद त्यांच्या डोळ्यांना नीट कळत नसे. चित्रकार होऊ इच्छिणाऱ्या तरुणाला याहून मोठा आघात कोणता असेल? यावर दोन प्रकारच्या मनांनी दोन मार्ग धरले असते. एकाने हट्टाने रंगांशी झुंज घेत राहून आयुष्य कडू करून घेतले असते. दुसऱ्याने सगळेच सोडून गावची वाट धरली असती. लक्ष्मणरावांनी तिसरा मार्ग काढला. रंग गेला तरी रेषा उरली आहे, हे त्यांनी ओळखले आणि ते यांत्रिक रेखनाकडे वळले. यंत्राच्या आराखड्याला रंगाची गरज नसते. त्याला हवे असते अचूक माप आणि वस्तू तयार होण्यापूर्वीच ती आतून-बाहेरून पाहू शकणारी दृष्टी. आपल्या उणिवेचा डोळसपणे स्वीकार करून उरलेल्या बळावर उभे राहणे, हा पुढाऱ्याच्या घडणीतला पहिला धडा होय आणि तो लक्ष्मणरावांनी विशीच्या आत गिरवला.

मुंबईस १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था निघाली. तेथे लक्ष्मणराव यांत्रिक रेखनाचे साहाय्यक शिक्षक झाले. फावल्या वेळात ते तेथल्या कर्मशाळेत रमत. ज्या यंत्रांची चित्रे विद्यार्थ्यांकडून काढून घ्यायची, ती यंत्रे स्वतःच्या हातांनी चालवून, उघडून, पुन्हा जोडून पाहायची, हा त्यांचा क्रम होता. शिक्षकाच्या खुर्चीवर बसूनही ते कारागिराचे शागीर्द झाले. त्या काळी शिकलेल्या माणसाने तेलाने हात काळे करणे हे प्रतिष्ठेला बाधक मानले जाई, हे ध्यानात घेतले म्हणजे या साध्या गोष्टीचे मोल कळेल.

याच सुमारास, म्हणजे १८८८ साली, वडील बंधू रामुअण्णा यांच्या साहाय्याने बेळगावात सायकलींचे दुकान सुरू झाले. सायकल ही तेव्हा श्रीमंतांची चैन होती. एकेका सायकलीची किंमत सातशे ते हजार रुपये पडे. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवाव्यात आणि रामुअण्णांनी बेळगावात त्या विकाव्यात, शिवाय पंधरा रुपये घेऊन लोकांना चालवायलाही शिकवावे, अशी वाटणी होती. या व्यवहारात एक खुबी आहे. नवी वस्तू विकणाऱ्याने ती वापरण्याची विद्याही गिऱ्हाइकाला दिली पाहिजे, हे या भावांना दुकानाच्या पहिल्या पायरीवरच उमगले होते. पुढे नांगराच्या वेळी हीच विद्या त्यांच्या कामी आली.

मुंबईच्या संस्थेत लक्ष्मणरावांना बढती मिळण्याची पाळी आली, तेव्हा ती जागा त्यांना न देता एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली. परकीय राज्यात असे प्रसंग शेकडो लोकांच्या वाट्याला येत आणि बहुतेक जण ते गिळून टाकीत. कारण महिन्याच्या महिन्याला येणारा पगार हा अपमानावरचा मोठा उतारा असतो. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली. परंतु त्यांचे मोठेपण नुसत्या राजीनाम्यात नाही. रागाच्या भरात राजीनामे पुष्कळ जण देतात. ते आहे राजीनाम्यानंतरच्या आचरणात. त्या अन्यायाचे गाऱ्हाणे त्यांनी जन्मभर उगाळले नाही. आपली कुवत ठरविण्याचा अधिकार पुन्हा दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही, एवढा बोध घेऊन ते बेळगावास आले आणि शेतीच्या अवजारांचा लहानसा कारखाना काढण्याच्या मागे लागले.

प्रथम निघाले ते वैरण कापण्याचे यंत्र आणि त्यामागून लोखंडी नांगर. या नांगराची कथा पुष्कळदा सांगितली जाते, पण ती बहुधा शेतकऱ्याच्या अडाणीपणाची गंमत म्हणून. लोखंड जमिनीत गेले की जमीन विषारी होते, अशी समजूत होती. म्हणून नांगर खपेना. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. एवढ्यावर कथा संपवून आपण शेतकऱ्याला हसतो. वास्तविक त्याच्या नकारामागे नुसती अंधश्रद्धा नव्हती, व्यवहारही होता. लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यावर करून देई, लोहार फाळ शेवटून देई. त्यासाठी रोख पैसा मोजावा लागत नसे. लोखंडी नांगराला रोकड हवी. तो ओढायला बैलांचे बळ अधिक हवे. आणि पेरणीच्या तोंडावर त्याचा एखादा भाग मोडला, तर गावात तो दुरुस्त करणारा कोणी नाही. ज्याचे वर्षाचे पोट एका पावसावर अवलंबून, त्याने परक्याच्या शब्दावर असा धोका का पत्करावा?

दुसऱ्या बाजूने नांगराचे गुणही खरे होते. लाकडी नांगर माती उकरतो. लोखंडी नांगराची वक्र फळी माती उचलून पालथी करते. दख्खनच्या काळ्या जमिनीत खोलवर पसरणारी हरळी आणि कुंदा यांच्या मुळ्या वरच्या उकरणीने हटत नाहीत. त्यासाठी खोल नांगरटच लागते. म्हणजे कारखानदाराचेही बरोबर होते आणि शेतकऱ्याचेही बरोबर होते. अशा वेळी कारखानदाराची खरी कसोटी लागते. माझी वस्तू चांगली असून जग मूर्ख आहे, असे मानणे सर्वांत सोपे; आणि त्या मानण्यात कित्येक हुशार माणसांचे धंदे बुडाले आहेत. लक्ष्मणरावांनी दोन वर्षे न विकल्या गेलेल्या नांगरांकडे पाहत काढली, परंतु शेतकऱ्याचा तिरस्कार केला नाही. शिकवायला निघालेल्या माणसाने आधी शिकावे लागते, हा धडा त्या दोन वर्षांचा. मालाचा दर्जा राखणे, मोडणारा भाग बदलून मिळेल अशी सोय करणे आणि नांगराचे काम शेतकऱ्याला त्याच्या डोळ्यांनी पाहू देणे, याखेरीज दुसरी जाहिरात नाही, हे पुढे किर्लोस्करांच्या धंद्याचे सूत्र बनले.

नांगराचा जम बसू लागला तोच बेळगावची जागा सोडण्याचा प्रसंग आला. शहराच्या वाढीसाठी नगरपालिकेला ती जागा हवी होती. चाळिशीला पोचलेला माणूस, डोक्यावर कारखान्याचा संसार आणि पायाखाली जमीन नाही, अशी स्थिती झाली. या वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना आश्रय दिला. बाळासाहेब स्वतः चित्रकार आणि कलेचे जाणते. चित्रकलेपासून निघून यंत्रापर्यंत पोचलेल्या या माणसाचे पाणी त्यांनी ओळखले. औंधला सभामंडप बांधण्याचे काम त्यांनी लक्ष्मणरावांना दिले होते. त्यांनी दहा हजार रुपयांचे कर्ज दिले आणि कुंडल रोड या रेल्वे स्टेशनाजवळची बत्तीस एकर जमीन दिली. जमीन कसली, तो निवडुंगाचा आणि नागांचा मुलूख होता. १९१० साली मूठभर सहकाऱ्यांसह लक्ष्मणराव तेथे जाऊन राहिले. त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली आणि पुढे रेल्वे स्टेशनालाही तेच नाव पडले. आज सांगली जिल्ह्यात मोडणारे हे गाव तेव्हा नकाशावर नव्हते.

त्या माळावर लक्ष्मणरावांसोबत गेलेली माणसे कोण होती, हे पाहण्यासारखे आहे. नावाजलेला अभियंता त्यांत एकही नव्हता. बंधू रामुअण्णा वसाहतीची आखणी आणि व्यवस्था पाहू लागले. शंभूराव जांभेकर पडेल ते काम करून यंत्रज्ञ झाले. अनंतराव फळणीकर यांचे शालेय शिक्षण अर्धवट सुटलेले. ते कल्पक यंत्ररचनाकार म्हणून नावारूपास आले. के. के. कुलकर्णी परीक्षेत अयशस्वी ठरलेले. ते व्यवस्थापक झाले. मंगेशराव रेगे यांनी हिशेब आणि दप्तर सांभाळले. आणि कारखान्याच्या राखणीला होते तुकाराम आणि पिराजी रामोशी. दरोड्यांसारख्या गुन्ह्यांसाठी शिक्षा भोगलेली ही माणसे. कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारणारा १८७१ चा कायदा तेव्हा जारी होता. तो देशभर रद्द व्हायला १९५२ साल उजाडावे लागले. अशा काळात तुरुंगातून आलेल्या माणसाच्या हाती कारखान्याच्या किल्ल्या सोपविणे ही साधी गोष्ट नव्हती. या राखणदारांनी तो विश्वास सार्थ केला, हे त्या वसाहतीच्या इतिहासात नमूद आहे.

हा विश्वास लक्ष्मणरावांनी कोठून आणला? माझ्या मते त्याचे उत्तर त्यांच्या पूर्वायुष्यात आहे. शाळेत न रमलेला, डोळ्यांच्या दोषामुळे कलेतून बाहेर पडलेला, बढतीला अपात्र ठरविला गेलेला हा माणूस. परीक्षक, वैद्यक आणि वरिष्ठ या तिघांच्या निकालापलीकडे माणसात काही उरत असते, याचा पुरावा ते स्वतःच होते. म्हणून ज्यांच्यावर कोणी ना कोणी नापसंतीचा शेरा मारलेला होता, अशा माणसांतले उरलेले बळ त्यांना दिसू शकले. अनुभवातून आलेली ही दृष्टी नियमांच्या पुस्तकातून येत नाही. अर्थात दुःख भोगलेला प्रत्येक माणूस दुसऱ्याविषयी उदार होतो असे मुळीच नाही. पुष्कळदा उलटेच घडते. स्वतःच्या अपयशाचा अर्थ ज्याने नीट लावला, त्यालाच दुसऱ्याच्या अपयशाकडे पाहता येते.

पहिल्या महायुद्धात या मंडळींची परीक्षा झाली. १९१४ नंतर परदेशी लोखंड येणे दुरापास्त झाले, भट्टीला लागणारा कोळसा मिळेना, रंगही मिळेना. नांगराला मागणी असून नांगर ओतायला बीड नाही, अशी वेळ आली. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आपल्या संस्थानातील जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर तयार झाले. तलवारीचे नांगर करावेत हे स्वप्न कवींनी अनेक देशांत पाहिले. ते दक्षिण महाराष्ट्रातल्या एका ओतशाळेत अक्षरशः खरे झाले. भट्टीला लागणारे इंधन आणि नांगराला लागणारा रंग यांसाठीही वाडीतल्या माणसांनी स्वतःच प्रयोग केले. परीक्षा नापास झालेल्या माणसांच्या या तुकडीने महायुद्धाची परीक्षा मात्र पार केली.

एवढ्यावर थांबलो, तर हे एका गुणी माणसाचे स्तुतिस्तोत्र होईल. परंतु उद्योगाच्या पुढाऱ्यासमोरचा खरा कठीण प्रश्न यशानंतर सुरू होतो. किर्लोस्करवाडी ही नुसती कर्मशाळा नव्हती. तेथे घरे कारखान्याची, रस्ते कारखान्याचे, पाणी कारखान्याचे, शाळाही कारखान्याच्या पुढाकाराने. म्हणजे कामगाराच्या आठ-दहा तासांवरच नव्हे, तर त्याच्या साऱ्या दिवसावर मालकाची छाया. अशी सत्ता हाती आलेला माणूस तिचे काय करतो?

या प्रश्नाचे गांभीर्य कळण्यासाठी क्षणभर अमेरिकेकडे पाहू. शिकागोच्या दक्षिणेस जॉर्ज पुलमन या रेल्वेचे डबे बनविणाऱ्या कारखानदाराने १८८० पासून आपल्या कामगारांसाठी एक टुमदार नगर वसविले. पक्की घरे, बागा, वाचनालय, नाट्यगृह, कशाची म्हणून उणीव नव्हती. जगभरचे पाहुणे ते पाहायला येत. १८९३ साली मंदी आली, तेव्हा पुलमनने मजुरी कापली. परंतु त्याच घरांचे भाडे मात्र कमी केले नाही. कामगारांच्या हाती भाडे वळते होऊन काही उरेना. १८९४ साली तेथे संप झाला, तो देशभरच्या रेल्वेत पसरला आणि शेवटी सरकारला सैन्य पाठवावे लागले. पुलमनच्या मृत्यूनंतर १८९८ साली इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने ते नगर कंपनीने आपल्या मालकीतून सोडावे, असा निर्णय दिला. बागा तशाच राहिल्या, नगर उद्ध्वस्त झाले नाही. नाहीसा झाला तो मालक आणि कामगार यांच्यातला विश्वास. पुलमन बुद्धीने कमी नव्हता. त्याचा कारखाना वाढत गेला आणि त्याचे मन मात्र ‘हे सारे माझे आहे’ या एका वाक्यापाशी थांबले. त्याची शोकांतिका ही अशी आहे.

लक्ष्मणरावांच्या हातीही, लहान प्रमाणात का होईना, तशीच सत्ता आली होती. तिचा उपयोग त्यांनी वसाहतीत अस्पृश्यतेला थारा न देण्यासाठी केला. १९२० च्या आगेमागे, जेव्हा सुधारकांच्या सभांतही सहभोजनाच्या प्रश्नावर चलबिचल होई, तेव्हा पाणी आणि वावर यांत भेद न मानणारे गाव वसविणे याला धैर्य लागे. येथेही बदल आधी स्वतःच्या घरात करावा लागला असणार, हे त्यांच्या घराण्याची परंपरा पाहता उघड आहे. वेदान्ताची आणि आचारविचारांची परंपरा असलेल्या घरातला मुलगा यंत्र हाती घेतो तेव्हा तो धंदा बदलतो. परंतु तोच जेव्हा विहिरीचे पाणी सर्वांना सारखे म्हणतो, तेव्हा तो स्वतः बदललेला असतो. नफ्याच्या खात्यात या बदलाची नोंद होत नाही. कामगारांच्या मनात मात्र ती होते.

१९२० साली किर्लोस्कर बंधूंच्या या धंद्याचे मर्यादित कंपनीत रूपांतर झाले. त्याच वर्षी पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक सुरू केले. कारखान्याच्या मालाची माहिती देण्यासाठी निघालेले हे पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक म्हणून मराठी घराघरांत गेले. १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ ही भावंडे त्याच्या पाठीवर जन्मली. नांगराच्या कारखान्यातून विचारांची मासिके निघावीत, ही घटना भारतीय उद्योगांच्या इतिहासात विरळाच. लक्ष्मणराव स्वतः लेखक नव्हते. ज्या गोष्टी आपल्याला येत नाहीत, त्यांसाठी दुसऱ्याला मोकळीक देणे, एवढे त्यांना येत होते. आणि पुढाऱ्याच्या अंगी याहून उपयोगी गुण क्वचितच असेल.

हीच मोकळीक त्यांनी पुढच्या पिढीला दिली. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतून यंत्रशास्त्राची पदवी घेऊन १९२६ साली परतले. बाप पदवीवाचून यंत्रज्ञ झालेला, मुलगा जगातल्या अग्रगण्य संस्थेत शिकलेला. अशा जोडीत कलह होण्यास सगळी सामग्री असते. हातांनी शिकलेल्या माणसाला पुस्तकी ज्ञानाविषयी अढी असते आणि पदवीधराला जुन्या रीतीविषयी अधीरता असते. आपल्याकडच्या किती पेढ्या, किती नाटक मंडळ्या आणि किती संस्था संस्थापकाच्या हयातीतच या कलहाने खचल्या! किर्लोस्करांच्या उद्योगात तसे झाले नाही. १९४१ साली हरिहर येथे यंत्रहत्यारांचा कारखाना निघाला. १९४६ साली पुण्याजवळ खडकीला तेलइंजिनांचा आणि बंगळूरला विजेच्या मोटारींचा कारखाना निघाला. हे विस्तार मुलांच्या पिढीचे. परंतु मुलांना विस्तार करू देणे हे बापाचे कर्तृत्व. स्वतःच्या हातांनी उभारलेल्या गोष्टीवरून हात काढून घेणे ही वाढीची शेवटची आणि सर्वांत अवघड पायरी आहे.

एका दुःखद प्रसंगाचाही येथे उल्लेख केला पाहिजे. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली आणि त्यानंतर दक्षिण महाराष्ट्रात जी जाळपोळ झाली, तिच्यात किर्लोस्करवाडीचा कारखानाही सापडला. ज्या वाडीने जातिभेदाविरुद्ध एवढे केले, तिलाही जातीच्या रागाची झळ लागावी, यात इतिहासाचा कठोर इशारा आहे. कारखानदाराचे चारित्र्य त्याच्या कुंपणाच्या आत पुष्कळ काही घडवू शकते. कुंपणाबाहेरच्या समाजाची सारी दुखणी ते बरी करू शकत नाही. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. कारखाना पुन्हा उभा राहिला आणि चालू झाला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांनी देह ठेवला. त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

आता निष्कर्षाकडे वळू. केवळ आत्मविकासाने कारखाने उभे राहतात, असे मी म्हटले तर ते इतिहासाला धरून होणार नाही. औंधच्या अधिपतींचे कर्ज आणि जमीन, कोल्हापूरच्या तोफा, जवळून जाणारी रेल्वे, रामुअण्णांसारखा भाऊ, यांपैकी एकेक गोष्ट वगळून पाहिली म्हणजे लक्ष्मणरावांची वाट किती अरुंद होती हे कळते. त्यांच्याइतकेच शहाणे आणि चिकाटीचे दुसरे कोणी असतील. त्यांना पंतप्रतिनिधी भेटले नसतील. तसेच मालकाचा चांगुलपणा हा कामगाराच्या हक्काची जागा घेऊ शकत नाही. चांगल्या मालकामागून कोणता मालक येईल याची हमी नसते. म्हणून कायदा हवा, संघटना हवी, हिशेब उघडा हवा. या सर्व गोष्टी मान्य करूनही एक प्रश्न उरतो. कर्ज तर पुष्कळांना मिळते, जमीनही मिळते. मग एकाच्या हाती तिचा माळच राहतो आणि दुसऱ्याच्या हाती गाव होते, हे कशामुळे?

लक्ष्मणरावांच्या चरित्राने दिलेले उत्तर मला पटते. रंग दिसत नाहीत हे कळल्यावर ते रेषेकडे वळले. मान मिळत नाही हे कळल्यावर ते स्वतंत्र झाले. नांगर खपत नाही हे कळल्यावर ते शेतकऱ्यापासून शिकले. माणसे निवडताना शेऱ्यांपलीकडे पाहायला शिकले. सत्ता हाती आल्यावर तिला आवर घालायला शिकले आणि शेवटी ती सोडायलाही शिकले. यांतला प्रत्येक धडा त्यांनी कारखाना वाढवायचा म्हणून घेतला असे नाही. पण तो घेतला नसता, तर कारखाना त्या त्या टप्प्यावर थांबला असता. उद्योगाची उंची त्याच्या पुढाऱ्याच्या मनाच्या उंचीहून फार काळ अधिक राहू शकत नाही, हे पुलमनच्या नगराने उलट बाजूने सिद्ध केले आणि किर्लोस्करवाडीने सुलट बाजूने.

आज धंद्याचे शिक्षण देणाऱ्या संस्था देशात गावोगाव निघाल्या आहेत आणि ते योग्यच आहे. हिशेब, बाजार, भांडवल यांची शास्त्रे शिकलीच पाहिजेत. परंतु त्या शास्त्रांच्या जोडीला विद्यार्थ्याने एक साधा प्रश्न स्वतःला विचारावा, असे मला वाटते. गेल्या वर्षी मला जे येत नव्हते, असे मी या वर्षी काय शिकलो आणि कोणापासून? या प्रश्नाच्या उत्तरात शेतकऱ्याचे, राखणदाराचे, नापास झालेल्या सहकाऱ्याचे किंवा आपल्याच मुलाचे नाव ज्याला प्रामाणिकपणे घालता येईल, त्याच्या हाती माणसांचे नेतृत्व सोपवायला हरकत नाही. बत्तीस एकरांचा माळ मिळणे हा दैवाचा भाग आहे. तो नांगरण्याआधी स्वतःचे मन नांगरून ठेवणे, एवढे मात्र ज्याच्या त्याच्या हाती असते.